दक्षिणेकडची खिडकी, कूलरचा स्टँड आणि घरचा सांबार

खिडकीतली_बाग | ४ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी.

आम्ही नागपुरात त्रिमूर्तीनगर भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. गच्चीला सोसायटीचे कुलूप आणि बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, त्यामुळे बागकामासाठी माझ्या वाट्याला दोन खिडक्या तेवढ्या उरतात. एक दक्षिणेकडे उघडते, दुसरी पश्चिमेकडे. दोन्हींना भिंतीबाहेर दीड फूट निघालेले लोखंडी ग्रिल आहे आणि वर छज्जा आहे. दक्षिणेकडच्या ग्रिलमध्ये उन्हाळाभर कूलर असतो. परवा तो काढला, टाकी घासून कोरडी केली, ताट्या (कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाणी झिरपणाऱ्या जाळ्या) फेकून दिल्या, आणि रिकामा स्टँड पाहून गेल्या वर्षीची हौस पुन्हा उफाळून आली.

गेल्या वर्षीची हकीकत सांगते, म्हणजे चुका दाखवणे आपल्याला सोपे जाईल. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरची काळी माती दोन पेट्यांत भरली, सांबारासाठी (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) डब्यातले धणे जसेच्या तसे विखुरले आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घातले. हे सारे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. अठरा दिवसांनी एका पेटीत मोजून सात रोपे दिसली आणि ती वीतभर होतात न होतात तोच त्यांना पांढरी फुले धरली. मेथीने त्याआधीच पिवळी पडून निरोप घेतला होता. माती सुकली की पेटीच्या कडेला करंगळी जाईल एवढी फट पडायची आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जायचे.

पेट्या अडीच फूट लांब, आठ इंच रुंद आणि आठ इंच खोल आहेत. माती कोणती भरावी, कोणत्या महिन्यात काय पेरावे आणि पश्चिमेच्या खिडकीचा काही उपयोग आहे का, एवढे तीन प्रश्न आहेत.

तर्रीपोहे | ४ ऑक्टोबर

ताई, हिरमोड करण्याचा हेतू नाही, पण हिशेब मांडून पाहावा. डिसेंबरात कॉटन मार्केटमध्ये सांबाराचे ढीग लागतात आणि जुडी जवळपास फुकट पडते. मे महिन्यात तीच जुडी सोन्याच्या भावाने घ्यावी लागते, पण तेव्हा आपल्या खिडकीत निवडुंगसुद्धा सावली शोधतो. जेव्हा पिकते तेव्हा गरज नाही आणि जेव्हा गरज असते तेव्हा पिकत नाही, अशा शेतीला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, पण तो येथे लिहिता येत नाही. शिवाय सांबारवडीचा एक घाणा करायचा म्हटला तरी तुमची अख्खी पेटी मुळासकट जाईल.

काळीमाती | ५ ऑक्टोबर

तर्रीपोहे यांचा हिशेब बरोबर आहे, म्हणूनच खिडकीत काय लावायचे हे त्या हिशेबावरून ठरवावे. त्याकडे नंतर येतो, आधी मातीचे पाहू.

अमरावती रोडवर देशाच्या मृदा सर्वेक्षण ब्यूरोचे मुख्यालय असताना याच शहरात काळ्या मातीची निंदा करणे बरे दिसत नाही. कापसाला आणि तुरीला ती आईसारखी आहे, पण पेटीत तिचे गुण अवगुण होतात. तिच्यातली चिकणमाती पाणी मिळाले की फुगते आणि सुकली की आकसते. शेतात त्या भेगा खोल जाऊन पुढच्या पावसाचे पाणी आत घेतात, पेटीत मात्र भेगेला जायला दुसरी जागा नसल्याने माती कडेपासून सुटते. आपण पाहिलेली करंगळीएवढी फट ती हीच. वरून पाणी घातले की ते फटीतून निघून जाते आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. उलट पावसाळ्यात तोच गड्डा आठवडाभर चिखल राहतो आणि मुळे गुदमरतात.

आपली पेटी सुमारे ३० लिटरची आहे. तिच्यात १२ लिटर कोकोपीट, ९ लिटर गांडूळखत, ६ लिटर चाळलेली माती (काळीच चालेल, एवढ्या प्रमाणात ती ओल धरण्याचे चांगले काम करते) आणि ३ लिटर कन्हान नदीची धुतलेली रेती घालावी. मूठभर निंबोळी पेंड त्यात मिसळावी. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजल्यावर आठ-नऊ लिटर होते. ते दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यावे, कारण त्यात पुष्कळदा क्षार असतात आणि मेथीला ते सोसत नाहीत.

दुसरी बाब वजनाची. नुसत्या काळ्या मातीने भरलेली आपली पेटी पाणी प्यायल्यावर ५० किलोच्या आसपास जाते, तर वरचे मिश्रण भिजून २८-३० किलोपर्यंत राहते. कूलरचा स्टँड पाणी भरलेल्या कूलरचे ओझे पेलत असल्याने तो हे वजन पेलेल. पश्चिमेच्या ग्रिलचे वेल्डिंग मात्र हाताने हलवून पाहावे आणि पेटी जाड तारेने ग्रिलला बांधल्याशिवाय ठेवू नये. तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणारी पेटी कोणाच्या डोक्यावर पडते हे विचारून पडत नाही.

सावलीशून्य | ५ ऑक्टोबर

दिशांबद्दल थोडे लिहितो, कारण शाळेत भूगोल शिकवताना मी हाच विषय फळ्यावर दरवर्षी काढत असे.

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, त्यामुळे छज्जा असूनही दक्षिणेच्या खिडकीत ऊन आतपर्यंत येते. पुढे सूर्य वर सरकत जातो आणि २६ मेच्या सुमारास नागपुरात दुपारी थेट डोक्यावर येतो, म्हणजे उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. याचा अर्थ असा की ज्या काळात ऊन नको असते, नेमक्या त्याच काळात आपला छज्जा दक्षिणेच्या खिडकीवर पूर्ण सावली धरतो. पालेभाजीला रोज चार-पाच तास ऊन लागते, ते हिवाळ्यात या खिडकीला सहज मिळते.

पश्चिमेकडे मात्र दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरून छज्जाखालून आत शिरतो आणि भिंत रात्री नऊपर्यंत तापलेली राहते. ती खिडकी ऑक्टोबर ते फेब्रुवारी वापरावी आणि होळीनंतर तिच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये.

पहिल्या_मजल्यावरून | ६ ऑक्टोबर

मी बागवाली नाही, बागेखालची आहे. आमच्या वर राहणाऱ्या कुटुंबाने खिडकीत कुंड्या लावल्या आणि त्यांच्या प्रत्येक पाणी घालण्याबरोबर आमच्या वाळत घातलेल्या पापड-कुरडयांवर लालसर पाणी ठिबकू लागले. दोनदा सांगून झाले, तिसऱ्यांदा बोलणे बंद झाले. तेव्हा ताई, भोके पाडण्याआधी ते पाणी कुठे जाणार याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

काळीमाती | ६ ऑक्टोबर

भोके पाडावीच लागतील, त्याला पर्याय नाही. पेटीखाली पसरट ताट ठेवावे आणि पाणी झारीने दोन हप्त्यांत घालावे : आधी थोडे, दहा मिनिटांनी उरलेले. मिश्रणाने पाणी शोषून घेतले की खाली फारच थोडे उतरते. ताटात साचलेले पाणी मात्र त्याच दिवशी ओतून टाकावे. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

आता पेरणीचे. धण्याचा एक दाणा म्हणजे प्रत्यक्षात दोन बिया असतात. धणे वर्तमानपत्रावर पसरावेत आणि त्यांच्यावरून लाटणे हलक्या हाताने फिरवावे. दाणा फुटून दोन अर्धे वेगळे झाले पाहिजेत, पण भरड होता कामा नये. हे अर्धे रात्रभर पाण्यात ठेवून, सकाळी निथळून, अर्धा इंच खोल पेरावेत. आठ ते बारा दिवसांत उगवतात आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापणीला येतात. डब्यातले धणे जुने किंवा भाजलेले असतील तर एकही उगवणार नाही. गेल्या वर्षीचा खरा दोष महिन्याचा होता. माती तापली की धणे नीट उगवत नाहीत, आणि जे उगवतात ते पान वाढवण्याऐवजी फुलाची घाई करतात.

धरमपेठकर | ९ ऑक्टोबर

तर्रीपोहे यांच्या हिशेबाला माझे उत्तर असे की बाजारात जे स्वस्त आणि ताजे मिळते ते खिडकीत लावूच नये. मी चार हिवाळे पूर्वेच्या खिडकीत लेट्यूस आणि रॉकेट ही सॅलडची पाने आणि अळीव घेतो आहे. लेट्यूस बाजारात मिळते, पण ते गड्ड्याने विकत घ्यावे लागते, दोन पाने वापरली जातात आणि बाकीचा गड्डा फ्रीजमध्ये काळा पडतो. खिडकीत बाहेरची चार पाने तोडली की आतली वाढत राहतात आणि एकेक रोप दीड-दोन महिने पुरते.

लेट्यूसचे बी फार मानी असते. माती ३० अंशांच्या वर तापलेली असेल तर ते झोपून राहते, कितीही पाणी घाला. म्हणून मी बी ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून, डबीत घालून दोन दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो आणि मग मातीवर नुसते पसरवतो. त्याला उगवायला उजेड लागतो, त्यामुळे वरून मातीचा थर टाकायचा नाही, फक्त तळव्याने दाबायचे.

घाई असणाऱ्यांनी अळीव घ्यावा. लाडूंसाठी किराणा दुकानात मिळतो तोच. तो भिजत घालू नये, कारण पाण्यात त्याचा चिकट गोळा होतो. ओल्या कोकोपीटवर कोरडाच भुरभुरावा. आठ-दहा दिवसांत दोन इंचांची तिखट, मोहरीसारख्या चवीची पाने कात्रीने कापता येतात आणि काकडीच्या कोशिंबिरीत ती फार छान लागतात.

बदलीवर_आलेला | १० ऑक्टोबर

पुण्याहून येऊन तीन महिने झाले. येथे भाजीवाल्याने “सांबार देऊ का?” विचारले तेव्हा मी “घरी डाळ शिजते आहे” असे उत्तर दिले होते. आता कोथिंबिरीचे नाव कळले. प्रश्न असा की इटालियन स्वयंपाकाचे बेसिल येथे खिडकीत येते का?

धरमपेठकर | १० ऑक्टोबर

येते, आणि त्यासाठी महागडे पाकीट घेण्याचीही गरज नाही. फालुद्यातला सब्जा हे बेसिलच्याच एका प्रकाराचे बी आहे. सुगंध थोडा वेगळा असतो, पण पाने खाण्याजोगी असतात. फक्त वेळ सांभाळावी. बेसिलला थंडी सोसत नाही आणि नागपूरची थंडी दिसते तेवढी साधी नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथील किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते, त्या रात्री माझे सगळे बेसिल काळे पडले. आता लावलेत तर डिसेंबरात रात्री पेटी आत घ्यावी लागेल. फेब्रुवारीत लावणे अधिक सोयीचे.

खिडकीतली_बाग | १८ नोव्हेंबर

सर्वांचे आभार. काळीमाती काकांच्या प्रमाणाने दोन्ही पेट्या भरल्या. दक्षिणेच्या पेटीत अर्धा सांबार आणि अर्धे लेट्यूस, पश्चिमेच्या पेटीत पालक आणि मेथी. लाटणे फिरवताना धणे फुटल्याचा बारीक कटकट आवाज येतो, तो थांबला की हात थांबवायचा हे दुसऱ्या मुठीत समजले. नवव्या दिवशी सकाळी पाहिले तर धण्याच्या सालीची टोपी डोक्यावर घेऊन कमान वाकवलेली रोपे बाहेर आली होती. दुपारी ती टोपी गळाली होती.

मेथी पंचविसाव्या दिवशी मुळासकट काढली. कापून पुन्हा फुटेल म्हणून ठेवलेला कोपरा फारसा फुटला नाही.

दोन अडचणी आल्या. कबुतरांनी लेट्यूसची पहिली खेप चोचीने उकरून टाकली, तेव्हा ग्रिलला आतून बारीक नायलॉन जाळी बांधली. आणि पालकाच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा उमटल्या आहेत.

काळीमाती | १८ नोव्हेंबर

ती नागअळी. अळी पानाच्या दोन पडद्यांमध्ये राहून आतला गर खाते, त्यामुळे वरून फवारलेले तिच्यापर्यंत सहजी पोहोचत नाही. रेघा असलेली पाने तोडून पिशवीत बांधून फेकावीत. नव्या पानांवर माशीने अंडी घालू नयेत यासाठी एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून आठवड्यातून एकदा संध्याकाळी फवारावे. खाण्यापूर्वी पाने नीट धुवावीत, हे वेगळे सांगायला नको.

मेथीचे आपले निरीक्षण योग्य आहे. पुन्हा पुन्हा कापायची असेल तर कसुरी मेथीचे बी आणावे. साधी मेथी एकदाच घ्यायची असते.

तर्रीपोहे | २६ जानेवारी

ताई, झेंडावंदनाहून परत येऊन पोहे केले आणि घरात सांबार नव्हता. तेव्हा आपल्या पेटीची आठवण झाली. मूठभर सांबारासाठी अख्खी जुडी आणायची, आणि तिसऱ्या दिवशी तिचा चिखल फेकायचा, हा खर्च मी हिशेबात धरला नव्हता, एवढे कबूल करतो. जुडी स्वस्त असते या मुद्द्यावर मात्र ठाम आहे.

खिडकीतली_बाग | १४ मार्च

आता माझी खरी अडचण. लेट्यूसचे रोप मधूनच उंच दांडा काढू लागले आहे आणि पाने कडू झाली आहेत. सांबाराला फुले आली. घरातून कूलर लावण्याचा तगादा सुरू झाला आहे, त्यामुळे दक्षिणेचा स्टँड सोडावा लागेल. कूलरच्या टाकीत रोज पाणी उरते, ते झाडांना घातले तर चालेल का? पाण्याची बचतही होईल असे वाटले.

काळीमाती | १४ मार्च

कडू झालेले लेट्यूस परत गोड होत नाही, ते काढून टाकावे. सांबाराची फुले राहू द्यावीत, हिरवे धणे चटणीत घालण्यासारखे दुसरे काही नाही.

कूलरचे पाणी घालू नये. कूलरमध्ये नुसते पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार टाकीतच राहतात. आपण रोज वरून नवे पाणी घालतो, त्याबरोबर नवे क्षार येतात. ताट्यांवर आणि टाकीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तो हाच. आठवडाभरात ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारे होते आणि पानांच्या कडा करपतात. फरशी पुसायला वापरावे. एसीच्या नळीतून पडणारे पाणी मात्र क्षाररहित असते, ते साध्या पाण्यात मिसळून घालता येते.

सावलीशून्य | १५ मार्च

दक्षिणेच्या स्टँडवर कूलर बसला तरी बाजूला सहा-आठ इंचांची जागा उरत असेल, पण तेथे पेटी ठेवू नये. कूलर बाहेरची कोरडी, तापलेली हवा तिन्ही बाजूंनी आत ओढतो आणि ती हवा पेटीवरून जाते. मी एकदा पुदिना ठेवला होता, चार दिवसांत त्याचा मसाला झाला.

खिडकीतली_बाग | २८ मे

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिते. पश्चिमेची पेटी काढून खोलीच्या आत, कूलरसमोरच्या भिंतीशी पण पूर्वेच्या दाराच्या उजेडात ठेवली आहे. तिच्यात बाजारातून आणलेल्या पुदिन्याच्या काड्या लावल्या आहेत. वरची पाने खुडून काड्या पाण्यात ठेवल्या तेव्हा आठ दिवसांत पांढरी मुळे आली. पुदिना दुसऱ्या कशाला जगू देत नाही म्हणून त्याला अर्ध्या पेटीत विटांची आड घातली आणि उरलेल्या अर्ध्यात लाल माठ पेरला. माठ आणि पानओवा यांना या उकाड्याचे काहीच वाटत नाही. दुसरी पेटी सकाळचे ऊन येणाऱ्या जिन्याच्या खिडकीत आहे आणि तिच्या बाहेरच्या अंगाला ओले पोते गुंडाळले आहे. पाणी सकाळी आणि सूर्यास्तानंतर, दोन वेळा. सांबार नाही. काल जुडी विकत घेतली, किंमत सांगत नाही, तर्रीपोहे वाचत असतील.

खालच्या मजल्यावरून अद्याप तक्रार आलेली नाही.

तर्रीपोहे | २८ मे

वाचत आहे. किंमत मलाही ठाऊक आहे.

खिडकीतली_बाग | १७ जून

पहिला जोराचा पाऊस झाला. काका, आठ महिने वापरलेले मिश्रण आता खाली बसले आहे आणि पेटी चार बोटे रिकामी दिसते. ते फेकून नवे भरावे का? आणि पावसाळ्यात लगेच सांबार पेरून पाहावा काय?

काळीमाती | १७ जून

फेकण्याचे कारण नाही. मिश्रण पोत्यावर ओतून जुनी मुळे वेचून काढावीत, दोन बादल्या साधे पाणी घालून क्षार धुऊन जाऊ द्यावेत आणि उघडीप मिळेल तेव्हा तीन-चार दिवस उन्हात पसरावे. मग पाव हिस्सा ताजे गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून पेटी भरावी. जुलैत अंबाडी आणि माठ घ्यावेत. पेटी छज्जाच्या आत सरकवावी, नाहीतर पावसाच्या धारेने कोवळी रोपे मातीत लोळतात आणि बुडाशी कुजतात.

धणे मात्र दसऱ्यापर्यंत डब्यातच राहू द्यावेत.